चुकार ठोक्यावर पाळत

आमच्या भोकरदन भागात एखाद्याचा एक हात आणि एक पाय एकाएकी लुळा पडला, तोंड वाकडे झाले, बोबडी वळली, की त्या आजाराला तीन नावे आहेत. शिकलेला माणूस 'पक्षाघात' म्हणतो, बाजारपेठेत 'लकवा मारला' म्हणतात, आणि घरातली जुनी माणसे अजून 'वारं गेलं' असेच म्हणतात. या तिसऱ्या नावात निदान आणि उपचार दोन्ही उरकलेले असतात. वारे अंगावरून गेले; तेव्हा अंग चोळायचे, शेक द्यायचा, कोणी सुचवले तर कबुतराचे रक्त लावायचे आणि वारे उतरण्याची वाट पाहायची. मी मराठीचा मास्तर. बोलीतल्या शब्दांवर माझा लोभ आहे. पण हा एक शब्द माणसे मारतो, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

मेंदूत वारे शिरत नाही. मेंदूला रक्त पोचवणारी एखादी नळी बुजते किंवा फुटते. पुष्कळांची बुजते. ती बुजवणारी गुठळी कधी मेंदूच्या जवळपासच्या, चरबीने अरुंद झालेल्या नळीत तयार होते. पण कित्येकदा ती छातीत जन्म घेते आणि मानेतल्या नळीतून वर जाऊन कुठेतरी अडकते. दुखणे डोक्यात, चोर मात्र हृदयात! या छातीतल्या चोरावर आज अंगावर वागवायच्या यंत्रांनी पाळत ठेवता येते. तीच हकीगत इथे सांगायची आहे.

वैद्यकाची परिभाषा रुक्ष असते अशी तक्रार आपण नेहमी करतो. पण हृदयाच्या बाबतीत आपल्या परिभाषाकारांनी मोठी रसिकता दाखवली आहे. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना त्यांनी 'अलिंद' म्हटले आणि खालच्या दोघांना 'निलय'. संस्कृतात अलिंद म्हणजे घराच्या दारापुढची ओसरी, आणि निलय म्हणजे घर. इंग्रजीत वरच्या कप्प्याला एट्रियम म्हणतात, तोही मूळचा रोमन घराचा दर्शनी चौक. (रोमन घरांचा आणि भोकरदनचा काय संबंध, असे कोणी विचारू नये. आमचे गाव म्हणजे जुने भोगवर्धन. १९७३ च्या उत्खननात इथे हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली, आणि तिचे नाते पाँपेईच्या एका घरात सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी जुळते, हे जाणकारांनी दाखवले आहे. असो.)

तर रक्त आधी ओसरीवर येते आणि तिथून आत घरात जाते. उजव्या अलिंदाच्या भिंतीत विजेची ठिणगी पाडणारी एक जागा आहे. ती विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साठ ते शंभर ठिणग्या पाडते, आणि प्रत्येक ठिणगीबरोबर आधी ओसरी आवळते, मग घर आवळते. काही माणसांत, विशेषतः वय झाल्यावर किंवा रक्तदाब वर्षानुवर्षे चढलेला राहिल्यावर, हा बंदोबस्त मोडतो. एका ठिणगीच्या जागी अलिंदात मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे ठिणग्यांचा गोंधळ माजतो. अलिंद आवळण्याऐवजी नुसते थरथरत राहते. डॉक्टर याला 'एट्रियल फिब्रिलेशन' किंवा थोडक्यात 'ए. एफ.' म्हणतात; आपण अलिंदकंप म्हणू. अलिंद आणि निलय यांच्यामधला दरवाजा या गोंधळातल्या थोड्याच ठिणग्या आत सोडतो, त्याही कशाही, वेळ-काळ न पाहता. त्यामुळे मनगटावरची नाडी बेताल होते.

बेताल नाडीने माणूस लगेच मरत नाही. खरा घात दुसरीकडे होतो. डाव्या अलिंदाला कानाच्या पाळीसारखी एक लहान पिशवी चिकटलेली असते. अलिंद आवळेनासे झाले की या पिशवीतले रक्त हलत नाही. घरात दूध विरजायला ठेवताना आपण भांडे हलवत नाही, कारण निवांत राहिले तरच दही धरते. पिशवीत असेच दही धरते, आणि त्याचा एखादा तुकडा सुटून मेंदूकडे निघतो. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात माणसांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवून जो अभ्यास झाला, त्यातून १९९१ साली निघालेला निष्कर्ष असा, की अलिंदकंप असलेल्या माणसाला पक्षाघात होण्याचा धोका इतरांच्या सुमारे पाचपट असतो.

मग डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढावा आणि चोर पकडावा. त्यात अवघड काय? अवघड हे, की हा चोर घरी बसून राहत नाही. पुष्कळांच्या बाबतीत अलिंदकंप येतो, काही मिनिटे किंवा काही तास राहतो आणि आपोआप निघून जातो. पुढे आठवडेच्या आठवडे हृदय शहाण्यासारखे चालते. आमच्या लहानपणी शाळेत दिपोटीसाहेब तपासणीला यायचे, त्या दिवशी सगळा वर्ग कसा हाताची घडी घालून बसायचा! त्या दिवशीच्या शेऱ्यावरून वर्गाची परीक्षा करणे आणि दहा सेकंदांच्या कार्डिओग्रामवरून हृदयाची परीक्षा करणे, यात फारसे अंतर नाही.

ही अडचण ओळखायला वैद्यकाला बराच काळ लागला. नाडीच्या बेतालपणाची ओळख मात्र जुनी आहे. शार्ङ्गधरसंहितेत नाडीच्या चालींना साप, बेडूक, हंस अशा प्राण्यांच्या चालींची नावे आहेत, आणि थांबत थांबत चालणारी नाडी जीवघेणी, असा स्पष्ट इशाराही आहे. पाश्चात्यांकडे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जेम्स मॅकेन्झी नावाचा डॉक्टर बर्न्ली या इंग्लंडमधल्या गिरणगावात साधा दवाखाना चालवत होता. त्याने मनगटाची नाडी आणि मानेतल्या शिरेचे ठोके एकाच कागदावर शाईने उमटवणारे यंत्र वापरले आणि त्याच्या ध्यानात आले, की बेताल नाडीच्या रोग्यांत अलिंदाची लाट कागदावरून गायबच होते. त्याने तर्क केला की अलिंद लुळे पडले असावे. तर्क चुकला, निरीक्षण अचूक होते. लायडनच्या आइन्टहोव्हेनने विसाव्या शतकाच्या आरंभी हृदयाची वीज टिपणारे यंत्र तयार केले. ते सुमारे पावणेतीनशे किलो वजनाचे होते, चालवायला पाच माणसे लागत, आणि रोग्याला हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे लागे. त्याच जातीच्या यंत्रावर लंडनच्या थॉमस लुईसने १९०९ मध्ये दाखवले, की त्या बेताल नाडीच्या मागे लुळे नव्हे तर थरथरणारे अलिंद आहे.

यंत्र रोग्याकडे जाण्याऐवजी रोगी यंत्राकडे जात होता, तोवर येऊन-जाऊन असणारा अलिंदकंप निसटतच राहिला. ही रीत उलटी केली ती अमेरिकेतल्या माँटाना राज्यातल्या नॉर्मन होल्टर या शास्त्रज्ञाने. तो डॉक्टर नव्हता. त्याने १९४० च्या दशकाच्या अखेरीस हृदयाची वीज बिनतारी पाठवणारे यंत्र पाठीवर बांधून माणसाला हिंडवले. त्या बोचक्याचे वजन पंच्याऐंशी पौंड, म्हणजे जवळजवळ अडतीस किलो होते. ते पाठीवर घेतल्यावर निरोगी माणसाचे हृदयसुद्धा ठिकाणावर राहत असेल की नाही, देव जाणे! पण १९६१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्याने आपला लेख छापला तोवर यंत्र आटोपशीर झाले होते. आज इस्पितळात गळ्यात किंवा कमरेला लटकवून देतात त्या डबीला त्याचेच नाव आहे.

होल्टरची डबी बहुधा चोवीस तास लावतात. पक्षाघातानंतर एवढे पुरते का, या प्रश्नाचा निकाल २०१४ साली लागला. त्या वर्षी दोन मोठे प्रयोग एकाच नियतकालिकात प्रसिद्ध झाले. कॅनडातल्या प्रयोगात पंचावन्न वर्षांच्या पुढचे ५७२ रोगी होते. त्यांना पक्षाघात किंवा त्याचा क्षणिक झटका येऊन गेला होता आणि कारण सापडले नव्हते. निम्म्यांना पुन्हा एकदा चोवीस तासांची डबी दिली, निम्म्यांना छातीभोवती बांधायचा पट्टा तीस दिवसांसाठी दिला. डबीला शेकडा ३.२ माणसांत अलिंदकंप सापडला. पट्ट्याला शेकडा १६.१ माणसांत. दुसऱ्या प्रयोगात ४४१ रोगी होते. त्यांतल्या निम्म्यांच्या छातीच्या कातडीखाली एक बारीक यंत्र बसवले. त्याची आजची सुधारलेली जात काडेपेटीतल्या दोन-चार काड्या एकत्र बांधाव्यात एवढी असते. वर्षअखेर या यंत्राने शेकडा १२.४ माणसांत अलिंदकंप पकडला; नेहमीच्या तपासण्यांनी फक्त शेकडा दोन. आणि ज्यांच्यात पहिल्या सहा महिन्यांत तो सापडला, त्यांतल्या सुमारे तीनचतुर्थांश माणसांना त्या वेळी काहीही जाणवले नव्हते.

ही शेवटची गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे. माझे थोरले मामा याच तालुक्यात राहतात. घरची मिरची पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात आणि कापूस व्यापाऱ्याकडे, असे त्यांचे आयुष्य. वय सत्तरीचे. एका सकाळी हातातला तांब्या गळून पडला आणि जीभ जड झाली. मुलाने वारेबिरे काही न म्हणता तडक छत्रपती संभाजीनगर गाठले, म्हणून हात बराचसा परत आला. मानेच्या नळ्या साफ, कार्डिओग्राम स्वच्छ, चोवीस तासांची डबीही स्वच्छ. पण मेंदूच्या चित्रात जो डाग होता तो पाहून डॉक्टर म्हणाले, हा हृदयातून आलेल्या गुठळीचा वाटतो. चौदा दिवस पट्टी लावू.

ही पट्टी म्हणजे छातीच्या डाव्या बाजूला चिकटवायचा, बिनतारेचा, विड्याच्या पानाएवढा तुकडा. मामींना वाटले त्यातून करंट जातो. त्यांनी पहिले दोन दिवस मामांच्या हातात चहाचा कपसुद्धा लांबूनच दिला. मामांचा प्रश्न वेगळा. "बापू, यानं महं काळीज चालतं का थांबतं?" मी सांगितले, "मामा, हे काळजाला हात लावत नाही. ते नुसतं कुळकर्ण्यासारखं लिहून घेतं." हे मात्र त्यांना पटले. घामाने खाज सुटली, आंघोळ बेताची झाली; एकदा कडा सुटली ती मुलाने दाबून बसवली. पट्टीवर एक बटण होते. छातीत धडधडले तर दाबायचे. मामांनी ते अकरा वेळा दाबले. त्यांतले दोनदा कापसाचा भाव ऐकून, असे त्यांचा मुलगा म्हणतो. अहवाल आला तेव्हा त्या अकराही वेळी हृदय ठाकठीक होते. आणि नवव्या रात्री, पावणेतीन ते सहा, मामा घोरत पडलेले असताना, अलिंदकंपाची सलग रेघ. "म्हणजे चोर रातच्याला आला अन् मला पत्ता न्हाई!" मामा म्हणाले.

चोर सापडून काय झाले? औषध बदलले. हा या सगळ्या खटाटोपाचा गाभा आहे. वेगाने वाहणाऱ्या अरुंद नळीत जी गुठळी होते ती रक्तातल्या बिंबिका एकमेकींना चिकटून होते, आणि तिच्यावर अ‍ॅस्पिरिन चालते. साचलेल्या रक्तातली गुठळी तंतूंच्या जाळ्याची असते. तिला रक्त गोठण्याची रासायनिक साखळीच तोडणारे औषध लागते. लोक याला 'रक्त पातळ करणारी गोळी' म्हणतात. रक्त काही पातळ होत नाही. ते उशिरा गोठते, एवढेच. अलिंदकंपाच्या रोग्यांत वॉरफरिन हे जुने औषध पक्षाघाताचा धोका जवळजवळ दोनतृतीयांशाने कमी करते, अ‍ॅस्पिरिन जेमतेम एकपंचमांशाने. म्हणजे चोर ओळखला नाही तर रोगी इमानाने रोज गोळी घेत राहतो आणि ती गोळी त्याच्या दुखण्याची नसते.

वॉरफरिनची जन्मकथा शेतकऱ्याला आवडावी अशी आहे. विस्कॉन्सिन राज्यात बुरसलेला गोड क्लोव्हर चारा खाऊन गुरे रक्तस्राव होऊन मरत. १९३३ च्या फेब्रुवारीत एक शेतकरी बर्फाच्या वादळातून मेलेली कालवड आणि न गोठलेल्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन घेऊन कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या दारात आला. त्या चाऱ्यातल्या विषाचा छडा लावता लावता पुढे वॉरफरिन निघाले. १९४८ मध्ये ते उंदीर मारायला बाजारात आले, १९५४ मध्ये माणसांच्या उपचारात आले. आता नव्या गोळ्या निघाल्या आहेत, त्यांना वारंवार रक्त तपासावे लागत नाही. पण आपल्याकडे एक गोष्ट विसरून चालत नाही. लहानपणीच्या संधिज्वराने हृदयाची झडप आकसलेले रोगी भारतात अजून पुष्कळ आहेत. भारतीय हृदयताल संस्थेच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदवहीत अलिंदकंपाच्या १,५३७ रोग्यांपैकी जवळजवळ निम्मे या जातीचे होते आणि त्यांचे सरासरी वय पंचावन्नच्या आतच होते. अशा रोग्यांत जुन्या जातीच्या औषधापुढे नवी गोळी उणी पडली, असे २०२२ च्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रयोगात दिसले. स्वस्त आणि जुने म्हणून वॉरफरिनला नाक मुरडण्याचे कारण नाही.

कोणी म्हणेल, एवढी पाळत ठेवण्यापेक्षा कारण न सापडलेल्या सगळ्याच रोग्यांना ही गोळी देऊन टाका. तेही करून पाहिले आहे. २०१८ आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या प्रयोगांत अशा रोग्यांना अ‍ॅस्पिरिनऐवजी नव्या गोळ्या दिल्या. पक्षाघात कमी झाले नाहीत. न गोठणाऱ्या रक्ताची किंमत रक्तस्रावाने मोजावी लागते. म्हणून पुरावा हवा, आणि पुराव्यासाठी पाळत हवी.

आता मनगटावरच्या घड्याळाविषयी, कारण हल्ली पुण्या-मुंबईतली मुले गावाकडच्या वडिलांना दिवाळीत कपड्यांच्या ऐवजी तेच पाठवतात. घड्याळाच्या पोटात हिरवा दिवा असतो. रक्त हिरवा उजेड शोषते. ठोक्यासरशी मनगटात रक्त वाढले की परत येणारा उजेड कमी होतो. त्यावरून घड्याळ ठोक्यांमधली अंतरे मोजते आणि ती बेताल वाटली की सूचना देते. काही घड्याळांत दुसऱ्या हाताचे बोट कडेला टेकवून अर्ध्या मिनिटाचा खरा कार्डिओग्रामही निघतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅपलच्या पाहणीत ४,१९,२९७ माणसे होती आणि त्यांतल्या शेकडा ०.५२ जणांनाच सूचना आली. ज्यांनी नंतर पट्टी लावून परत पाठवली, त्यांतल्या सुमारे एकतृतीयांशांत पट्टीला अलिंदकंप सापडला. चोर एकदा दिसला म्हणजे दुसऱ्या आठवड्यात हजर असेलच असे नाही, हेच पुन्हा. पण घड्याळ हे डॉक्टर नव्हे. ते प्रत्येक क्षणी पाहत नाही, हात हलत असला की गोंधळते, रात्री चार्जिंगला लावले तर मामांसारखा रात्रीचा चोर त्याला कधीच भेटायचा नाही. आणि साधे चुकलेले ठोके, जे चांगल्या धडधाकट माणसालाही येतात, त्यांनाही ते कधी कधी अलिंदकंप समजते.

निरोगी माणसाने तर यंत्राच्या फार नादी लागू नये. डेन्मार्कमध्ये अलिंदकंप आधी आढळलेला नसलेल्या, पण पक्षाघाताचा धोका असलेल्या ६,००४ वृद्धांवर प्रयोग झाला. त्यांतल्या काहींच्या कातडीखाली यंत्र बसवले. अलिंदकंप तिप्पट-अडीचपट जास्त सापडला, जास्त लोकांना गोळ्या लागल्या, पण पक्षाघातांत ठाम म्हणता येईल अशी घट २०२१ च्या निष्कर्षात दिसली नाही. काही मिनिटांचा अलिंदकंप आणि काही तासांचा अलिंदकंप यांना एका मापाने मोजता येत नाही, हे त्यावरून डॉक्टरमंडळी शिकली. ज्याला एकदा झटका येऊन गेला आहे त्याचे गणित वेगळे. त्याच्या घरी चोरी होऊन चुकली आहे.

हे सगळे शहरातल्यांचे लाड आहेत, असे मला आमच्याच गावातल्या एका सुशिक्षित गृहस्थांनी ऐकवले. त्यांना मी गडचिरोलीचे आकडे सांगितले. तिथे 'सर्च' संस्थेच्या डॉक्टरांनी एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या दोन वर्षांत ८६ गावांतल्या प्रत्येक मृत्यूचा शोध घेतला. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघाताचे निघाले. दुसऱ्या कुठल्याही एका कारणाने एवढी माणसे मेली नव्हती. आणि पक्षाघाताने मेलेल्यांपैकी शेकडा सत्त्याऐंशी माणसे घरीच मेली. पक्षाघात हा आता खेड्याचा रोग आहे. यंत्र खेड्यात नेता येत नाही म्हणावे, तर गुजरातेत आणंद जिल्ह्यातल्या ५० गावांत स्थानिक कार्यकर्त्यांनी फोनला जोडायच्या लहान यंत्राने चाळिशीपुढच्या दोन हजारांवर माणसांची तपासणी केली, आणि शेकडा १.६ जणांत अलिंदकंप सापडला. तपासणी एकदाच करून ते थांबले नाहीत, पुन्हा पुन्हा केली. कारण तेच, दिपोटीसाहेबांचे.

तेव्हा झटका आला तर आधी १०८ ला फोन, आणि गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची सोय असलेले इस्पितळ साडेचार तासांच्या आत. वाटेत कोणाही वैद्यबुवाकडे थांबणे नाही. पाळतीचा प्रश्न त्यानंतरचा. घरी सोडताना डॉक्टरांना विचारावे, की गुठळी कुठून आली ते कळले का, हृदयाची नोंद किती तास झाली, आणि आणखी लांब नोंद घ्यायची का. पट्टीचा खर्च आणि लावायची-परत द्यायची दुसरी खेप लक्षात घेऊन पुष्कळ लोक हा प्रश्न विचारतच नाहीत. ज्यांना पट्टी जमत नाही त्यांनी निदान नाडी पाहावी. पाच मिनिटे शांत बसून, अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटे हलकी टेकवून, पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याचा आळस करू नये, कारण आपल्याला आकडा नको, चाल हवी आहे. एखादा ठोका चुकला तर घाबरू नये. पण दळणाच्या गिरणीचा पट्टा सुटावा तशी, कुठलाच ताल न धरणारी चाल लागली, तर त्याच दिवशी कार्डिओग्राम काढावा. तीच चाल कागदावर उमटली पाहिजे, दुसऱ्या दिवशी ती असेलच असे नाही. घरी रक्तदाबाचे आपोआप चालणारे यंत्र असेल तर त्यातही बेताल ठोक्यांची खूण बहुधा असते. आमच्याकडे ती खूण दिसली की यंत्र बिघडले म्हणून दुकानदाराला परत करायची पद्धत आहे.